पदर तरी घेतला असता

त्या फोटोला दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं पुष्करच्या उंटांनी नेलं.

२०१४ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. तेव्हा मी दर रविवारी पहाटे दादरहून चालत निघायचो आणि परळ, लालबाग करत भायखळ्यापर्यंत जायचो. सेकंड हँड घेतलेला निकॉन डी-९०, त्यावर ५० मिलिमीटरची लेन्स, खिशात एक जादा बॅटरी. आठवडाभर बँकेत लोकांच्या सह्या ताडून बघायच्या आणि रविवारी ‘स्ट्रीट फोटोग्राफर’ व्हायचं. फुलबाजार काढून झाला होता, गिरण्यांच्या उरल्यासुरल्या चिमण्या काढून झाल्या होत्या, राणीच्या बागेबाहेरचे फुगेवालेही झाले होते. उरली होती ती पुलाखालची माणसं.

फोटो असा: उड्डाणपुलाच्या खांबाला लागून एक म्हातारी झोपली आहे. डोक्याखाली बोचकं, तोंड जरासं उघडं, पदर खांद्यावरून घसरून फरशीवर पडलेला, पायाशी कुत्र्याचं पिल्लू मुटकुळं करून. आणि तिच्या डोक्यावर, खांबाला चिकटवलेली कुठल्याशा बिल्डरची जाहिरात. स्वप्नातलं घर, टू बीएचके. वर घराची जाहिरात आणि खाली बेघर माणूस, हा फोटो देशातल्या प्रत्येक हौशी फोटोग्राफरनं एकदा तरी काढलेला असतो, आणि काढताना प्रत्येकाला वाटतं की हे फक्त आपल्यालाच सुचलं. मलाही वाटलं. मी सात फ्रेम घेतल्या. शेवटच्या दोन गुडघे टेकून, जेमतेम चार फुटांवरून. शटरच्या आवाजानं ती जागी होईल अशी धास्ती वाटत होती. पाकीट मारणाऱ्याला वाटत असेल, नेमकी तीच धास्ती. पण तेव्हा मी तिला ‘थरार’ म्हणत होतो.

घरी येऊन फोटो काळा-पांढरा केला. रंगीत फोटोत तिचं लुगडं हिरवं होतं, बोचकं एका नव्या कोऱ्या गुलाबी टॉवेलात बांधलेलं होतं, आणि त्या गुलाबी रंगामुळे ती फार आजची वाटत होती. कालच कुठूनशी आलेली, उद्या कुठेतरी जाणारी. रंग काढला तशी ती कधीचीही, कुठलीही झाली. कॉन्ट्रास्ट चढवला तशा सुरकुत्या खोल गेल्या. म्हणजे दोन मिनिटांत मी तिला दहा वर्षांनी म्हातारी केली. शीर्षक दिलं ‘स्वप्न’. प्रदर्शनाच्या दिवशी एक गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून फोटोच्या अगदी जवळ गेले आणि म्हणाले, ‘‘वा, काय टेक्श्चर आहे!’’ ते तिच्या गालाबद्दल बोलत होते. मी ‘थँक यू’ म्हणालो.

फोटो फ्रेम करून मी हॉलमध्ये लावला. आई देवपूजा आटोपून बाहेर आली, बराच वेळ बघत राहिली.

‘‘कोण रे ही?’’

‘‘अगं, पुलाखाली असतात ना, त्यातली एक.’’

‘‘नाव काय तिचं?’’

‘‘मला काय माहीत नाव?’’

‘‘नाव माहीत नाही, आणि घरात आणून टांगलीस?’’ मग जरा थांबून म्हणाली, ‘‘झोपलेल्या बाईकडे असं टक लावून बघू नये.’’

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर फ्रेमचं तोंड भिंतीकडे होतं. मी ते सरळ केलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा भिंतीकडे. आई त्यावर एक अक्षर बोलली नाही. रोज सकाळी घर पुसताना ती फ्रेमची पाठ मात्र नेमानं पुसायची.

या भांडणात हरल्यावर मी त्या फोटोची एक पोस्टकार्डाएवढी प्रिंट खिशात घालून पुलाखाली गेलो. तिचं नाव विचारू, प्रिंट देऊ, संपलं, असा हिशेब. ‘‘या बाईंना कुठे पाहिलंत का?’’ असं विचारत फिरायला लागलो आणि अर्ध्या तासात लक्षात आलं की मी एका खांबापाशी पोचायच्या आत माझी बातमी पुढच्या खांबापाशी पोचते आहे. पोरं गप्प व्हायची. पुरुष उठून दुसरीकडे जायचे. शेवटी गजरे ओवत बसलेल्या एका बाईनं प्रिंट हातातही न घेता विचारलं, ‘‘काय केलंय तिनं?’’

‘‘काही नाही केलं.’’

‘‘मग फोटो घिऊन कशाला हुडकतोयस?’’

हातात फोटो घेऊन रस्त्यात माणसं शोधत कोण फिरतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ती बाई पारधी. तिची सासू १९७२ च्या दुष्काळात जालन्याकडून मुंबईला आलेली, आणि तेव्हापासून या ना त्या फुटपाथवर. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, ‘विमुक्त’ असा शब्द मिळाला. पण संशय काही कायद्याबरोबर जात नाही. तिनं पुढे केव्हातरी सांगितलं की तिच्या नवऱ्याचा आयुष्यातला पहिला फोटो चौकीत काढला होता, मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हा, पाटी धरून. चोरी दुसऱ्याच कोणाची तरी निघाली. पाटी धरलेला फोटो मात्र तिकडेच राहिला. या माणसांपुढे मी कॅमेरा घेऊन जायचो आणि ती तोंड फिरवायची, तेव्हा मला ते ‘लाजणं’ वाटायचं. माझ्या एका जुन्या फोटोला मी तसं नावही दिलेलं आहे. असो.

तर गजरेवाली. तिला मी तीन रविवार पटवत होतो. पैसे देऊ केले तर घेईना. ‘‘गजरा घे,’’ म्हणायची. दर रविवारी मी मोगऱ्याचा गजरा घेऊन घरी यायचो. वडील गेल्यापासून आईला गजरा चालत नव्हता, देवीला चालायचा. चौथ्या रविवारी तिनं आपणहून प्रिंट मागितली, नीट पाहिली आणि हसली. ‘‘ही व्हय! ही हितली न्हाई. ही हास्पिटलातली. पेशंटची आई.’’

परळच्या मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलाच्या आसपासचे फुटपाथ ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. बिहारपासून बीडपर्यंतची माणसं तिथे फायली उराशी धरून बसलेली असतात. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, आणखीही काही निवारे आहेत, पण येणाऱ्यांच्या मानानं खाटा अपुऱ्याच. पुढची तारीख दहा दिवसांनी असली तर गावी जाऊन परत येण्यापेक्षा फुटपाथ स्वस्त पडतो. ही माणसं बेघर नसतात. त्यांना घर असतं, फक्त ते पाचशे किलोमीटरवर असतं. माझ्या फोटोतल्या बाईचं घर परभणीकडे होतं. चार खण, पुढं लिंबाचं झाड, एक म्हैस शेजाऱ्यांकडे सोपवून आलेली. वरची टू बीएचकेची जाहिरात, खालची ‘बेघर’ म्हातारी, मधोमध माझी अक्कल. सगळा फोटोच खोटा होता.

ती भेटली जूनमध्ये, मुलाच्या तपासणीला आली तेव्हा. गजरेवालीनं निरोप ठेवला होता. फुटपाथवर कडेला बसून तिनं प्रिंट दोन्ही हातांत धरली, उन्हाकडे तिरपी केली, पिल्लावरून बोट फिरवलं. मग म्हणाली,

‘‘उठवायचं व्हतं की, बाबा. पदर तरी घेतला असता.’’

आवाजात राग नव्हता. पाहुण्यानं न सांगता यावं आणि घरात पसारा असावा, तेव्हा बायका ज्या सुरात बोलतात, तो सूर. मी म्हटलं, ‘‘मावशी, तुम्ही गाढ झोपल्या होतात.’’ तर म्हणाली, ‘‘मंग काय. दोन राती जागी व्हते. आदल्या दिशी पोराचं आप्रेशन झालं.’’

‘स्वप्न’ हे शीर्षक मी तिला सांगितलं नाही.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, ‘‘ह्यो कुणी कुणी बघितला?’’

मी गप्प.

‘‘गावाकडं न्हाई ना गेला?’’

गावात तिनं सांगितलं होतं की मुंबईला भाच्याच्या खोलीवर उतरतो. जावेला, भावकीला, मुलाच्या सासरी, सगळीकडे हेच. फुटपाथवर झोपतो हे कळलं तर मुलाच्या आजारापेक्षा त्याचीच चर्चा जास्त झाली असती, असं तिला वाटत होतं, आणि ते बरोबरच असणार. मी म्हणालो, ‘‘नाही, नाही. कुठे नाही गेला.’’ तो फोटो चार महिने फेसबुकवर होता. कोणीतरी तो उचलून त्यावर ‘आईची माया’ अशी कविता चिकटवली होती, आणि ती व्हॉट्सअॅपवर फिरत फिरत माझ्याच बँकेच्या ग्रुपवर आली होती. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता. त्या रात्री मी माझी पोस्ट काढून टाकली. कवितेचं मी काही करू शकत नव्हतो.

मराठीत फोटो ‘काढतात’. एखाद्याची लाज काढतात, अक्कल काढतात, बाप काढतात, तसाच फोटोही काढतात. बाकीचं सगळं काढलं की भांडण होतं. फोटोच्या बाबतीत समोरचा झोपलेला असेल तर काहीच होत नाही, एवढाच फरक.

हे सगळं आपल्याच बाबतीत घडलं असं मला काही दिवस वाटत होतं. मग वाचायला लागलो. मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो गावाजवळ, वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर डोरोथिया लँग ही सरकारी कामावरची फोटोग्राफर मोटार वळवून गेली. कापडाच्या पालात एक बाई मुलांना घेऊन बसली होती. लँगनं काही मोजके फोटो घेतले, नाव विचारलं नाही आणि निघून गेली. त्यातला एक फोटो जगातल्या सगळ्यात जास्त छापल्या गेलेल्या फोटोंपैकी एक झाला. वर्तमानपत्रात हे फोटो येताच सरकारनं त्या तळावर २० हजार पौंड वजनाचं अन्न पाठवलं. पण ती बाई तोवर कामाच्या शोधात पुढे निघून गेली होती. लँगच्या नोंदीत लिहिलं होतं की या कुटुंबानं नुकतेच गाडीचे टायर विकून खायला आणलंय. मुलांनी पुढे सांगितलं की टायर कोणी विकलेच नव्हते. तपशील चुकीचा होता, फोटो मात्र गाजला. मला जरा बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू?

त्या बाईचं नाव, फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, जगाला कळलं १९७८ मध्ये, म्हणजे ४२ वर्षांनी. एका बातमीदारानं तिला शोधून काढलं तेव्हा ती म्हणाली की हा फोटो काढला नसता तर बरं झालं असतं. मला नाव विचारलं नाही. एक प्रत पाठवते म्हणाली होती, ती आली नाही. तिची तक्रार वाचली आणि मला परभणीची मावशी दिसायला लागली. प्रिंट उन्हाकडे तिरपी धरलेली. पण गोष्ट इथे संपत नाही आणि म्हणूनच ती मला सोडत नाही. १९८३ मध्ये थॉम्प्सन आजारी पडली, औषधाला पैसे नव्हते, मुलांनी लोकांना आवाहन केलं तेव्हा देशभरातून पैसे आले. पत्रांमधून लोकांनी लिहिलं की त्या फोटोनं आमच्यासाठी काय केलं. ज्या फोटोनं आयुष्यभर बोच लावली, त्याच फोटोकडे बघून अनोळखी लोक चेक पाठवत होते. याचा हिशेब कसा करायचा?

आपल्याकडे ही परंपरा त्याहून जुनी आणि त्याहून निबर आहे. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळात, ज्यात आपलं दख्खनही होरपळलं, मद्रास इलाख्यात विलोबी वॉलेस हूपर नावाचा लष्करी अधिकारी हाडांचे सापळे झालेली माणसं ओळीनं बसवून फोटो घेत होता. शाळेतला ग्रुप फोटो असतो तसे. तेव्हाचे कॅमेरे सावकाश, म्हणजे त्या माणसांना हलू नका असं सांगितलेलं असणार. आणि फार मागे जायलाही नको. २०१८ मध्ये अलेसियो मामो या इटालियन फोटोग्राफरच्या फोटोंवरून गदारोळ झाला. उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशातल्या गरीब माणसांसमोर टेबल मांडून, त्यावर खोटं, दिखाऊ जेवण ठेवून, त्यांना डोळे झाकायला सांगून काढलेले. स्वप्नातलं जेवण अशी कल्पना. मी रागानं त्यावर लिहायला बसलो आणि दोन ओळींत थांबलो. स्वप्नातलं घर, टू बीएचके. त्यानं टेबल विकत आणलं होतं, मला जाहिरात फुकट मिळाली होती.

आमच्या फोटो मंडळात यावर जेव्हा वाद होतो तेव्हा गाडी हमखास कायद्यावर येते. सार्वजनिक जागेत फोटो काढायला कोणाची परवानगी लागत नाही, असं एक वकील सदस्य ठणकावून सांगतात. मग मी १९५९ चा भीक-प्रतिबंधक कायदा काढतो. मुंबईत तो अजून आहे. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये त्यातली बरीच कलमं रद्द केली, पण ती दिल्लीपुरती. त्यात भीक मागण्याची व्याख्या आहे. भीक मिळावी म्हणून आपली जखम, व्यंग किंवा रोग उघडा करून दाखवणं म्हणजे गुन्हा. इतकंच नाही, भिकेसाठी स्वतःला प्रदर्शनाची वस्तू म्हणून वापरू देणं हाही गुन्हा. पहिल्यांदा पकडलं तर एक ते तीन वर्षं. म्हणजे त्या माणसानं आपली जखम दहा रुपयांसाठी दाखवली तर त्याला गाडीत घालायचं, आणि तीच जखम मी कॉन्ट्रास्ट वाढवून प्रदर्शनात दाखवली तर मला शाल आणि श्रीफळ. वकील सदस्य म्हणतात, हा युक्तिवाद कोर्टात टिकणार नाही. नसेल टिकत.

मग काढूच नयेत का असे फोटो? असं म्हणणारेही आहेत आणि त्यांचं मला पूर्ण पटत नाही. ८ मे २०२०. जालन्याहून रुळांवरून चालत निघालेले मध्य प्रदेशचे मजूर औरंगाबादजवळ करमाडला रुळांवरच झोपले आणि मालगाडीखाली १६ जण गेले. त्या दिवशीचा जो फोटो सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे त्यात एकही चेहरा नाही. रूळ, खडी आणि विखुरलेल्या चपात्या. टीव्हीवर तो दिसला तेव्हा आईनं बातम्या बंद करायला लावल्या आणि मग स्वतःच पुन्हा लावल्या. त्याच महिन्यात दिल्लीत पीटीआय वृत्तसंस्थेचे फोटोग्राफर अतुल यादव यांनी निजामुद्दीन पुलावर बसलेल्या एका मजुराचा फोटो काढला. कानाला फोन, चेहरा रडून वेडावाकडा. त्याचा मुलगा बिहारमध्ये शेवटच्या घटका मोजत होता. त्या माणसाच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट क्षणी त्याचा फोटो काढला गेला. पण तो काढला नसता तर पुलावर बसलेला आणखी एक माणूस, यापलीकडे त्याची नोंद कुठे झाली असती? यादव त्याच्याशी बोलले होते, पाणी-बिस्किटं दिली होती, घाईत नाव विचारायचं राहून गेलं. त्या फोटोमुळे लोकांनी त्याला शोधलं आणि घरी पोचवलं. मुलगा तोवर गेला होता.

या फोटोंखाली जागा असते, तारीख असते, तो माणूस तिथे का आहे ते लिहिलेलं असतं. माझ्या फोटोखाली ‘स्वप्न’ होतं. चेहरा दाखवावा की नाही, पाठमोरा काढावा की समोरून, विचारून की न विचारता, हे प्रश्न आम्ही मंडळात चहाबरोबर चघळतो. पण ‘ही बाई इथे का झोपली आहे’ हा प्रश्न मी फोटो काढल्यावर चार महिन्यांनी, तोही आईनं फ्रेम उलटी केली म्हणून विचारला.

मावशीनं त्या दिवशी जाताना मला कामाला लावलं. ‘‘आता काढतोस तर नीट काढ.’’ नळावर तोंड धुतलं, पदर डोक्यावरून घेऊन कानामागे खोचला, मुलाला हाताला धरून उभं केलं. मुलगा चाळिशीचा, गळ्याला पट्टी, डोक्यावर टोपी. पुलाच्या खांबापुढे नको म्हणाली. पलीकडे एका सोसायटीची नुकती रंगवलेली भिंत होती, तिच्यापुढे. दोघं हात बाजूला ताठ ठेवून, झेंडावंदनाला उभे असल्यासारखे. मी म्हटलं जरा हसा, तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा म्हटलं नाही. फोटो म्हणून त्याला काडीची किंमत नाही. सपाट उजेड, मागे पिवळी भिंत, दोन खांब पेरल्यासारखी दोन माणसं. तिनं दोन प्रती मागितल्या. एक गावच्या भिंतीवर लावायला आणि एक ‘‘जवळ असू दे’’.

हे गजरेवालीनं पाहिलं. पुढच्या रविवारी तिनं सहा पोरं तेल लावून, भांग पाडून ओळीनं बसवली होती. तिची दोन, चार इतरांची. शाळेत नाव घालायचं होतं, आधार काढायचं होतं, आणि पासपोर्ट साइजच्या आठ फोटोंना स्टुडिओवाला जे मागत होता त्यात पोरांचा दिवस निघाला असता. तेव्हापासून माझं रविवारचं काम बदललं. रेलिंगला पांढरी चादर बांधायची, समोर उलटी बादली, त्यावर पोरगं बसवायचं, दोन्ही कान दिसले पाहिजेत. हे फोटो मी कुठेही टाकत नाही. अशा मुलांची ओळख छापण्यावर बालन्याय कायद्यातही बंदी आहे, पण खरं कारण ते नाही. त्यात ‘टेक्श्चर’ काहीच नसतं. गंमत म्हणजे ज्या बाया पूर्वी मला बघून तोंड फिरवायच्या त्याच आता लांबून हाक मारतात, ‘‘ए फोटोवाल्या, ह्याचे दात पडायच्या आत काढ.’’ एकीनं तर साडी बदलून यायला मला पाऊण तास थांबवलं.

मी काही पुण्यकर्म करतो आहे असा याचा अर्थ कोणी काढू नये. आधारला पत्त्याचा पुरावा लागतो आणि फुटपाथला पत्ता नसतो. सहापैकी चौघांचं काम झालं, दोघांचं अडलं ते अडलंच. माझे फोटो पिशवीत तसेच राहिले. पोरं तेवढ्यात मोठी झाली, म्हणून पुन्हा काढले.

आणि पिशवीतले फोटो टिकत नाहीत. पालिकेची गाडी येते. कधी सणाच्या आधी, कधी कोणी मोठं माणूस त्या रस्त्यानं जाणार असलं की. ताडपत्री, भांडी, पेटी, जे हाताला लागेल ते गाडीत जातं. गजरेवालीच्या सासूला १९८१ चा पाऊस आठवतो. जुलै महिन्यात फुटपाथवरच्या लोकांना बसमध्ये घालून शहराबाहेर सोडलं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, १९८५ मध्ये निकाल लागला की पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो, पण रीतसर सूचना देऊन फुटपाथवरून हटवता येईल. म्हातारीला निकाल ठाऊक नाही. तिला एवढंच ठाऊक आहे की त्या पावसात तिची पेटी गेली आणि पेटीत तिच्या लग्नातला एकमेव फोटो होता.

सून हुशार. तिसऱ्यांदा गाडी येऊन गेल्यावर तिनं मला विचारलं, ‘‘तुझ्याकडं असत्यात ना सगळ्यांचे?’’

‘‘असतात.’’

‘‘मग झालं.’’

तेव्हापासून माझी हार्ड डिस्क ही त्या पुलाखालच्या दहा-बारा घरांची पेटी आहे. माझ्या दोन टीबीच्या डिस्कवर लडाख आहे, पंढरीची वारी आहे, भाचीचं लग्न आहे, आणि ‘पूल’ नावाच्या फोल्डरमध्ये तोंडं आहेत, वर्षवार. मी दोन ठिकाणी बॅकअप ठेवतो. बँकेतल्या माणसाला दुसऱ्याचं जपून ठेवायची सवय असते.

गेल्या पावसाळ्यात तिचा फोन आला. नवरा गेला होता, कावीळ अंगावर काढली म्हणून. दहावं आटोपलं होतं. फोटो हवा होता, हार घालायला, मोठा. मी फोल्डर उघडलं. त्या माणसानं माझ्यापुढे कधीच फोटो काढू दिला नव्हता. पांढरी चादर बांधायला मदत करायचा, पोरांना बादलीवर बसवायचा, आणि कॅमेरा डोळ्याला लावला की चौकटीबाहेर जायचा. एकदा पाटी धरून काढलेला पुरला होता त्याला. दहा वर्षांतले शेकडो फोटो मी चाळले. एका फोटोत त्याचा हात आहे, पोराची हनुवटी वर करणारा. एकात चपला. तो नाही.

मग जुनं फोल्डर उघडलं. २०१३ चं, मावशीच्याही आधीचं, चोरून काढत फिरायचो तेव्हाचं. तिथे एका सायकलीचा फोटो आहे, पुलाखालच्या उजेड-सावलीत उभी केलेली. कलात्मक वगैरे. सायकलीच्या मागे, फोकसच्या बाहेर, एक तरुण माणूस कोणाकडे तरी बघून हसतो आहे. त्याला माहीत नाही कोणी फोटो काढतंय. मी झूम केलं. दाणे फुटले, कडा धूसर झाल्या, पण तोच तो.

सायकल कापली. जेवढं जमलं तेवढं साफ केलं आणि मोबाइलवर घेऊन गेलो. तिनं स्क्रीन सासूपुढे धरली, मग स्वतः बघत बसली. पोरगं वाकून बघायला आलं, त्याला कोपरानं बाजूला केलं.

‘‘हा कधी काढलावतास?’’

‘‘खूप आधी. आपली ओळख नव्हती तेव्हा.’’

‘‘त्याला ठावं व्हतं?’’

‘‘नाही.’’

ती आणखी थोडा वेळ बघत राहिली. मग बोटांनी रेलिंगच्या गजावर माप घेतलं, एवढा उंच, एवढा रुंद.

‘‘काचंची फ्रेम नगं,’’ म्हणाली, ‘‘गाडीत फुटती. लॅमिनेशन कर. पावसाचं.’’